दोन घरचा पाहुणा

आपल्या म्हणींमध्ये पाहुण्याचे जितके हाल आहेत तितके प्रत्यक्षात कोणत्याही मराठी घरात होत नसतील. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही त्यातली सर्वांत निर्दय म्हण. थोरल्याला वाटते, पाहुणा धाकट्याकडे जेवून आला असेल. धाकट्याला वाटते, थोरल्याकडे पान मांडले असेल. आणि पाहुणा बिचारा दोन उंबरठ्यांच्या मधे पोटाला चिमटा घेऊन उभा. तिच्या जोडीला दुसरी म्हण आहेच, 'भागीचे घोडे किवणाने मेले'. घोडे एक, मालक दोन. जखम कोणी धुवायची यावर दोघांचे एकमत होईपर्यंत घोड्याने राम म्हटला. एकंदरीत आपल्या वाडवडिलांचा भागीदारीवर फारसा विश्वास नव्हता. भाऊबंदकीचा अनुभव दांडगा, दुसरे काय!

पण ही म्हण अशा एखाद्या गृहस्थाला ऐकवून पाहा, की ज्याच्या दोन बहिणी एकाच गावात दिल्या आहेत आणि त्या दोघींचे एकमेकींशी बेताचेच जमते. भाऊबीजेला तो सकाळी थोरलीकडे जातो, संध्याकाळी धाकटीकडे. थोरलीकडे बासुंदी झाली ही बातमी त्याच्या आधी धाकटीच्या स्वयंपाकघरात पोहोचलेली असते. मग तिथे पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि 'तिकडं काय काय खाल्लंस ते मला कळलंय, इथं नाही म्हणायचं नाही' असा प्रेमळ दम. रात्री तो भाऊ उपाशी नसतो. तो ओव्याची डबी शोधत असतो.

मग म्हण खरी की हा भाऊ खरा? नेहमीच्या अंकात या सदराला जागा तोकडी, म्हणून हा प्रश्न मी दिवाळी अंकासाठी राखून ठेवला होता. त्याचा निकाल लावायला भाऊबीजेपेक्षा बऱ्याच मोठ्या मांडवात शिरावे लागते. गेल्या पाव शतकात फुटबॉलच्या जगात एक नवी रीत रुळली आहे. दोन देशांनी मिळून एकच अर्ज करायचा, की अमुक सालची स्पर्धा आम्हा दोघांच्या घरी भरवा. खर्च आम्ही वाटून घेऊ, पाहुण्यांची उठबस दोघे मिळून करू. म्हणजे जगातला सर्वांत मोठा पाहुणा जाणूनबुजून दोन घरी उतरवायचा! त्याचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

मी कोल्हापूरचा. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलवर लिहायला निमित्त लागत नाही, न लिहायला लागते. पुण्यामुंबईच्या वाचकांना कोल्हापूर म्हटले की अंबाबाई आठवते, गूळ आठवतो, चप्पल आठवते आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या नुसत्या नावाने कपाळावर घाम येतो. कुस्तीही आठवते. शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, पेठापेठांतून तालमी गजबजल्या. पण त्याच तालमींच्या नावांनी आज फुटबॉलचे संघ उतरतात, हे बाहेरच्या पाहुण्याला सांगितले की तो आधी चेष्टा समजतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून त्याला लंगोट आणि लाल माती दिसू लागते. इथे मात्र पोरे बूट बांधून शाहू स्टेडियमच्या वाटेला लागलेली असतात. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडीचा संघ. दिवाळी सरली की कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळी सामन्यांचे वेध लागतात. मग आमच्याकडे माणसाची ओळख आडनावावरून होत नाही, 'कुणाकडचा?' या प्रश्नावरून होते.

विश्वचषकाच्या दिवसांत तर विचारूच नका. पेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकाचौकांत परदेशी खेळाडूंचे गल्लीतल्या पुढाऱ्याएवढे फलक उभे राहतात, आणि ज्यांनी मिरजेच्या पलीकडे प्रवास केलेला नाही असे गृहस्थ ब्यूनस आयर्सच्या बाजूने शेजाऱ्याशी अबोला धरतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारतीय संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या वेळी गावाची छाती किती इंच फुगली याचे मोजमाप कोणी ठेवले नाही, एवढेच.

तर, ११ डिसेंबर २०२४ रोजी बातमी आली की २०३० चा विश्वचषक मोरोक्को, पोर्तुगाल आणि स्पेन अशा तीन देशांना मिळून देण्यात आला आहे. शिवाय पहिला विश्वचषक १९३० साली उरुग्वेत झाला, त्याच्या शताब्दीनिमित्त उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वे इथेही एकेक सामना होणार. आमच्या कट्ट्यावर एक आबा बसतात. तरुणपणी ते गोलकीपर होते, त्यामुळे कोणतीही गोष्ट सहजासहजी आत सोडत नाहीत. त्यांनी बातमी दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, "म्हंजे हळद एकीकडं, लगीन दुसरीकडं आन् वरात तिसरीकडं! आवं, एका मांडवात तीन यजमान म्हणल्यावर मानपान कुनाचा करायचा?"

कट्टा हसला. पण आबांनी नेमक्या जागी बोट ठेवले होते. मैदाने वाटता येतात, सामने वाटता येतात, तिकिटांचे पैसे वाटता येतात. पण पत्रिकेवर पहिले नाव एकाचेच येते आणि अंतिम सामना एकदाच होतो. दोन यजमानांची खरी परीक्षा या दोन जागी असते.

शेजारी सलोख्याचे असले तर ही परीक्षा फार अवघड जात नाही. २००० साली युरोपच्या अजिंक्यपदाची स्पर्धा बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी मिळून भरवली. प्रत्येकी चार मैदाने. पहिला सामना ब्रसेल्सला, शेवटचा रॉटरडॅमला. समजूतदार भावांनी वडिलार्जित वाडा वाटावा तशी वाटणी. पण यजमान एकमेकांचे तोंड न पाहणारे असले, तर?

त्यासाठी जपान आणि दक्षिण कोरिया यांची हकिगत ऐकायला हवी. जपानने १९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर राज्य केले, आणि ते राज्य कोरियाच्या माणसाच्या मनातून सहजी पुसले जाणारे नव्हते. १९५४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत या दोघांची गाठ पडली. रिवाजाप्रमाणे एक सामना एकाच्या घरी आणि दुसरा दुसऱ्याच्या घरी व्हायचा. परंतु कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी जपानी खेळाडूंना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास साफ नकार दिला. शेवटी दोन्ही सामने टोकियोत झाले. कोरियाने एक ५-१ असा जिंकला, दुसरा २-२ असा बरोबरीत सोडवला, आणि तो संघ स्वित्झर्लंडला गेला. पाहुणा म्हणूनसुद्धा ज्याला दारात उभे करायचे नाही, तो शेजारी हा असा.

पुढे २००२ च्या विश्वचषकासाठी या दोघांनी वेगवेगळे अर्ज केले. मेक्सिकोही रांगेत होता. जपान आणि कोरिया इतक्या ईर्ष्येने उतरले की एकाला द्यावे तर दुसरा जन्मभर विसरायचा नाही, अशी पाळी आली. ३१ मे १९९६ रोजी झुरिचला निकाल लागला: स्पर्धा दोघांना मिळून. मागितला होता सवता सुभा आणि पदरात पडले एकत्र कुटुंब! विश्वचषकाच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते.

मग सुरू झाला मानपान. स्पर्धेच्या अधिकृत नावात कोरिया आधी की जपान आधी? अखेर तोडगा निघाला. नावात कोरिया पहिला; अंतिम सामना मात्र जपानमध्ये, योकोहामाला. उद्घाटन सेऊलला. एकूण ६४ सामने, प्रत्येकाच्या घरी ३२. लग्नात वरमाईला एक मान आणि मामाला दुसरा देऊन मांडव शांत ठेवणाऱ्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हा तोडगा ऐकून नवल वाटणार नाही. त्यांनी तो झुरिचच्या मंडळींपेक्षा स्वस्तात काढला असता.

आणि पाहुण्याचे काय झाले? उपाशी राहिला? अहो, १९९८ साली फ्रान्सने एकट्याने स्पर्धा भरवली ती दहा मैदानांवर. इथे कोरियाने दहा मैदाने सज्ज केली, म्हणून जपानने दहा केली. एकूण वीस! थोरलीची बासुंदी आणि धाकटीची पुरणपोळी. आता, ताट दुप्पट वाढले की उष्टेही दुप्पट पडते. पाहुणे गेल्यावर यातल्या काही मैदानांवर गवत वाढले आणि देखभालीचा खर्च तेवढा उरला, हेही सांगितले पाहिजे. ईर्ष्येला हिशेबाचा लगाम नसला तर भाऊ ओवा शोधतो आणि बहीण उधारीची वही लपवते.

पण त्या सहा वर्षांत दुसरेही काही घडले. डिसेंबर २००१ मध्ये आपल्या वाढदिवसाच्या निमित्ताने बोलताना जपानचे सम्राट अकिहितो यांनी येऊ घातलेल्या स्पर्धेचा विषय निघाला असता सांगितले, की आपल्या घराण्यातील प्राचीन सम्राट काम्मू यांची आई कोरियातील पेकचे राज्याच्या राजवंशातली होती अशी जुन्या बखरीत नोंद आहे, आणि त्यामुळे कोरियाशी आपल्याला नाते वाटते. राजवाड्यातून आलेले हे शब्द कोरियात लक्षपूर्वक ऐकले गेले. ३१ मे २००२ रोजी, झुरिचच्या निकालाला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, सेऊलला उद्घाटन झाले, तेव्हा जपानचे राजपुत्र ताकामादो तिथे हजर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या राजघराण्यातली व्यक्ती अधिकृतपणे दक्षिण कोरियात आली ती तेव्हाच. १९५४ साली ज्या उंबरठ्यावर खेळाडूंना मज्जाव झाला होता, तोच हा उंबरठा. स्पर्धेमुळे दोन देशांतले जुने वाद मिटले नाहीत, ते पुढेही निघत राहिले. पण घरात पाहुणे आहेत तोवर भाऊ भांडत नाहीत, आणि पाहुण्यांच्या तयारीत सहा वर्षे गेली तर तेवढी सहा वर्षे बोलणे तरी होते.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या गोष्टी कशाला? आपल्याकडेही हे झाले आहे. फक्त चेंडू लहान होता. आणि त्यामागे होते एक नागपूरकर गृहस्थ.

एन. के. पी. साळवे हे पेशाने हिशेब तपासनीस आणि १९८३ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष. त्या वर्षी २५ जूनला लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि भारत त्यात! साळव्यांनी आपल्या पाहुण्यांसाठी दोन जादा प्रवेशिका मागितल्या, त्या नाकारल्या गेल्या. अंतिम फेरीत आपला देश खेळतो आहे आणि आपल्याला दोन खुर्च्या मिळत नाहीत, हे त्यांच्या मनाला लागले. हा सामना आपल्याच घरी का होऊ नये? हा विचार त्यांनी पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष नूर खान यांच्यापाशी बोलून दाखवला. नूर खान पाकिस्तानच्या हवाई दलाचे माजी प्रमुख. ज्या दोन देशांच्या विमानांनी आकाशात एकमेकांचा पाठलाग केला, त्यांनी मिळून अर्ज लिहायला घेतला.

तोपर्यंतच्या तिन्ही विश्वचषक स्पर्धा इंग्लंडमध्येच झालेल्या. तिथे साठ षटकांचा डाव होई, कारण उन्हाळ्यात तिकडे सूर्य मावळायचे नाव घेत नाही. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा दिवस लहान. म्हणून पन्नास षटके ठरली, आणि तो आकडा पुढे जगाने उचलला. अर्ज करताना इतर देशांच्या मंडळांना, अगदी लहान सहयोगी सदस्यांनाही, इंग्लंडपेक्षा वाढीव रक्कम देऊ केली. पाहुण्याला पोटभर वाढू, हेच त्यातले वचन. मान्यता मिळाली.

आणि वेळ तर पाहा. १९८७ च्या जानेवारीत दोन्ही देशांची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी ठाकली होती. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला दोन्ही देशांनी मिळून पाहुण्यांचे स्वागत केले. सत्तावीस सामने, सतरा आपल्याकडे, दहा त्यांच्याकडे. साळव्यांच्या नागपुरात चेतन शर्माने ओळीने तीन त्रिफळे उडवले आणि त्याच सामन्यात सुनील गावसकरने एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक काढले. यजमान दोघेही उपांत्य फेरीत. सगळीकडे एकच बोलणे, कोलकात्याला भारत-पाकिस्तान! पण ४ नोव्हेंबरला लाहोरला पाकिस्तान ऑस्ट्रेलियाकडून हरले आणि ५ नोव्हेंबरला मुंबईला वानखेडेवर आपण इंग्लंडकडून. मांडव आपला, आचारी आपला, आणि पंक्तीला फक्त पाहुणे!

अशा वेळी यजमान कसा वागतो यात त्याचे खानदान दिसते. ८ नोव्हेंबरला ईडन गार्डन्स खच्चून भरले. आपला संघ नसलेला सामना लोकांनी मन लावून पाहिला. सात धावांनी जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाचे कौतुक केले. मला ही गोष्ट जिंकलेल्या कोणत्याही चषकापेक्षा मोठी वाटते.

कारण याच ईडन गार्डन्सवर नऊ वर्षांनी काय झाले, तेही आपण पाहिले आहे. १९९६ ची स्पर्धा भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका या तिघांची. त्या जानेवारीच्या अखेरीस कोलंबोत भीषण बॉम्बस्फोट झाला, आणि ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज यांनी तिथे खेळायला नकार दिला. तेव्हा एका यजमानाची अब्रू राखायला बाकीचे दोन यजमान धावून गेले. १३ फेब्रुवारीला भारत आणि पाकिस्तान यांचा एकच संघ कोलंबोत उतरला. सचिन तेंडुलकर आणि वसीम अक्रम एकाच बाजूने! असा दिवस पुन्हा दिसेल न दिसेल. आणि बरोबर एक महिन्याने, १३ मार्चला, कोलकात्याला उपांत्य सामन्यात श्रीलंकेपुढे भारताचा डाव कोसळला, तशा प्रेक्षकांतून बाटल्या आल्या, बसायच्या जागांना आगी लागल्या. सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करावे लागले. मैदान तेच, गाव तेच. १९८७ ला तिथे यजमान बसले होते, १९९६ ला हरणाऱ्या संघाचे पाठीराखे. फरक एवढाच.

या फरकावरच मला आज बोलायचे आहे, आणि त्यासाठी पुन्हा शाहू स्टेडियमवर यायचे आहे.

आमच्या पेठांची ईर्ष्या पिढीजात आहे. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यात ती असावीच. ती गेली तर कोल्हापुरात राहायचे कशाला? पण सामना ऐन रंगात आला की कधी कधी प्रेक्षकांतून पाण्याची बाटली येते, तिच्यामागून शिव्या, आणि एखाद्या वाईट दिवशी दगड. मैदानातले भांडण चौकापर्यंत जाते. पोलीस लाठ्या सरसावतात, सामना बंद पडतो, हंगाम खोळंबतो. गेल्या काही वर्षांत नायजेरियासारख्या दूरच्या देशांतले खेळाडू आमच्या तालमींकडून खेळून गेले. त्यांच्या जेवणाखाण्याची पेठ काळजी घेते. आणि पलीकडच्या पेठेतला, मराठी बोलणारा, एकाच अंबाबाईला हात जोडणारा मुलगा मात्र त्या दोन तासांपुरता परका होतो.

आमच्या गल्लीत एक माऊली आहे. मुलगा चांगला खेळतो. मी तिला एकदा विचारले, पोराला खेळू देता याची भीती नाही वाटत? ती म्हणाली, "खेळाय जातंय त्याची न्हाई वाटत. बघाय जातंय त्याची वाटती. खेळताना पाय मोडला तर प्लास्टर घालून बरा हुईल. बघताना नावावर केस पडली तर नोकरी कोन देनार?"

फुटबॉलच्या गावातल्या आईने असे म्हणावे, याहून मोठा गोल आमच्यावर कोणी चढवलेला नाही.

म्हणून कट्ट्यावर मी एक सूचना मांडली. आमच्याकडे तालमी आणि मंडळे स्पर्धा भरवतात, चषक ठेवतात. ती आपापली असते. एक वर्ष दोन कट्टर विरोधी तालमींनी मिळून एकच स्पर्धा भरवावी. अर्ज एक, त्यावर सह्या दोन. आणि मुख्य कलम असे, की शिवाजी पेठेच्या पाठीराख्यांना जागेवर बसवायचे, पाणी द्यायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सावलीत न्यायचे, हे काम मंगळवार पेठेच्या पोरांनी करायचे. आणि मंगळवारच्यांचे शिवाजी पेठेच्या पोरांनी.

क्षणभर कोणी बोलले नाही. मग आबांनी नेहमीप्रमाणे चेंडू अडवला. "नाव कुनाचं आधी?"

मी म्हटले, "आबा, चिठ्ठी टाकायची. नाव ज्याचं आधी येईल त्यानं अंतिम सामन्याचा मान दुसऱ्याला सोडायचा."

"आन् गल्ल्यात तूट आली तर?"

"निम्मी निम्मी. वही एकच, किल्ल्या दोन."

"आन् दगड आला तर?"

"कुठूनही येऊ दे. दोघांनी मिळून माफी मागायची."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "ते शेवटचं तेवढं जड जाईल बघा," ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. गोलकीपरने चेंडू अडवला नाही, की आमच्याकडे तो गोल धरतात.

कोणी म्हणेल, दोन पेठांची गोष्ट कुठे आणि देशादेशांच्या गोष्टी कुठे! मला तर पेठांचे काम सोपे वाटते. देशांच्या वाटण्या नेहमी समान होतात असेही नाही. २०२६ चा विश्वचषक अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांना मिळून दिला गेला, त्यातल्या १०४ सामन्यांपैकी ७८ एकट्या अमेरिकेच्या वाट्याला आले, बाकी दोघांना तेरा तेरा. तरी कोणी मांडव सोडून गेले नाही. त्याच वेळी, म्हणजे २०१८ च्या जूनमध्ये, मोरोक्कोने एकट्याने अर्ज केला होता. तिघांना १३४ मते पडली, मोरोक्कोला ६५. पाच वेळा एकट्याने दार ठोठावून तो देश रिकाम्या हाताने परतला होता. सहाव्या वेळी समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांचा हात धरला आणि दार उघडले. त्या शेजाऱ्यांशी मोरोक्कोचा इतिहास काही केवळ गोडीगुलाबीचा नाही. एकट्याने मागून जे मिळत नाही ते कधी कधी शेजाऱ्याला बरोबर घेऊन मागितले की मिळते. आमच्या दोन्ही पेठांना एकेकट्याने मागून अजून न मिळालेली एक गोष्ट आहे: आईने मुलाला निर्धास्तपणे सामना बघायला पाठवावे, ही.

आता म्हणींचा निकाल. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, पण ती दोन घरे एकमेकांशी बोलत नसली तरच. ती ईर्ष्येने का होईना, एका मांडवात वाढायला उभी राहिली, की पाहुण्याचे पोट भरते. आणि वाढणाऱ्यांचेही काही भले होते. ईर्ष्या मोडायची गरज नाही, तिच्या हातात वाढायची पळी द्यावी. ज्याच्या हातात पळी असते त्याला दगड उचलायला हात मोकळा राहत नाही. ईडन गार्डन्सने ही गोष्ट एकदा पाळून दाखवली आणि एकदा मोडून दाखवली.

हंगाम तोंडावर आला आहे. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत कोणी तरी तो अर्ज लिहायला घ्यावा. मजकूर मी सांगायला तयार आहे, चिठ्ठी टाकायला आबा तयार आहेत. खाली सह्या मात्र दोन लागतील.